जैसे थे ठेवलेला पाय

ट्रकने माझ्या पुतण्याची मांडी मोडली. गुडघा मी मोडला. गावात मात्र असं सांगितलं जातं, की पोरगं मुळातच आळशी. भरपाईच्या आशेने खाटेवर पडून राहिलं आणि पाय वाळवून बसलं. हे सांगणारे लोक माझ्यासमोरच सांगतात आणि वर मला चहा पाजतात, कारण त्यांच्या लेखी मी त्या पोरासाठी कोर्टात हेलपाटे मारणारा सज्जन चुलता आहे. माझं आता वय झालं. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

माझ्या कायद्याच्या ज्ञानाची सुरुवात एका बांधावर झाली. शेजाऱ्याशी माझा बांधाचा दावा होता आणि कोर्टाने त्यात ‘जैसे थे’चा हुकूम दिला होता. म्हणजे निकाल लागेपर्यंत दोघांनीही त्या जागेला हात लावायचा नाही. मी लावला. बांधावरची एक बाभळ पडायला आली होती, ती तोडून घरी सरपणाला आणली. पुढे शेजाऱ्याच्या वकिलाने त्या एका बाभळीवरून मला भर कोर्टात असं सोललं, की दावा मी तिच्यामुळेच हरलो अशी माझी खात्री झाली. माझ्या वकिलांचं म्हणणं होतं, की मुळात आपल्या बाजूने कागदच नव्हते. ते मी मनावर घेतलं नाही.

हरलो असलो तरी अपिलापायी नगरच्या कोर्टाची मला चांगली माहिती झाली होती. कोणत्या दाराने आत जायचं, कोणत्या बाकावर पंख्याचं वारं येतं, कॅन्टीनमधला वडा किती वाजता ताजा असतो, हे आमच्या गावात एकट्या मला ठाऊक. त्यामुळे भावकीत काहीही कोर्टाचं निघालं की लोक म्हणत, “नानांना विचारा.” नाना म्हणजे मी.

पुतण्या हा माझ्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. घरी तो आणि त्याची आई, म्हणजे माझी वहिनी. दुधावर त्यांचं घर चालायचं. त्या सकाळी तो डेअरीवर दूध घालून, मोकळे कॅन मोटारसायकलला अडकवून जामखेड रस्त्याने परत येत होता. एका ढाब्यावरून पशुखाद्याचा ट्रक मागे न बघता उलटा रस्त्यावर आला. कॅन एकीकडे उडाले, पोरगं दुसरीकडे. मांडीचं हाड गुडघ्याच्या थोडं वर तुटलं. ज्या दुकानातून पुतण्या गाईंसाठी पेंड घ्यायचा, त्याच दुकानाला तो ट्रक चालला होता. पंचनामा वगैरे होऊन पेंड दुसऱ्या दिवशी दुकानात पोचली, आणि आम्हाला गाईंसाठी तीच विकत आणावी लागली.

नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, प्लेट बसली. आत ऑपरेशन चालू असताना वहिनीने बाहेर पायरीवर बसून भैरवनाथाला नवस बोलला: पाय बरा झाला तर पोरगं गंगेची कावड आणील. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. यात्रेला गावातली पोरं पैठणहून तिचं पाणी खांद्यावर, अनवाणी चालत आणतात आणि देवाला घालतात. पुतण्या त्या पोरांत पहिल्यापासून पुढे असायचा.

घरी सोडताना डॉक्टरांनी आणि त्यांच्याकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, “आता रोज गुडघा वाकवायचा. दुखेल, ओरडेल, तरी वाकवायचा. नाहीतर गुडघा आखडेल, आणि मग मागाहून काही करता येत नाही.” मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. प्रत्येक शब्द ऐकला.

तिथून मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “सगळं जपून ठेवा. बिलं, एक्स-रे, फोटो. उपचार पूर्ण झाले की सिव्हिल हॉस्पिटलला पाय तपासतील, अपंगत्वाचा दाखला मिळेल, त्यावर भरपाई ठरेल.” पुढे सगळा दोष मी या वकिलांवर ढकलत आलो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो: त्यांनी याच्यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नव्हता. ‘सगळं जपून ठेवा’ एवढं घेऊन मी एसटीत बसलो. नगर सुटलं आणि मला बाभळ आठवली. बांधाच्या दाव्यात वादाची जागा बांध होता. या दाव्यात वादाची जागा पाय होता. आणि वादातल्या जागेला निकालापर्यंत कुणी हात लावायचा नसतो, हे मी सरपणाच्या भावात शिकलो होतो.

घरी गेल्या गेल्या जाहीर केलं, “पाय जैसे थे ठेवायचा. वाकवायचा न्हाई.”

“डाक्टर तर वाकवा म्हनले,” वहिनी म्हणाली.

“डाक्टरला कायदा कळतो व्हय? आज वाकवला, उद्या बरा झाला, मग साहेबाला दाखवायचं काय?”

माझी बायको चुलीपुढून बोलली, “म्हंजी पाय बरा होऊ द्यायचा न्हाई?”

“होऊ द्यायचा की. निकालानंतर.”

“आन् पायाला कोन सांगनार, तवर दम धर म्हनून?”

तिला मी नेहमीप्रमाणे गप्प केलं. पुतण्या खाटेवर होता. तो एवढंच म्हणाला, “नाना म्हनतील तसं.” पोराला बाप नव्हता आणि मी हे सगळं फार खात्रीने बोलत होतो.

आठवड्याने दवाखान्यातल्या त्या बाईंचा फोन आला, व्यायामाला का येत नाही म्हणून. मी म्हणालो, “मॅडम, मॅटर कोर्टात आहे.” त्या म्हणाल्या, “काका, मॅटर कोर्टात असेल. गुडघा तर घरी आहे ना?” मला हे बोलणं उद्धट वाटलं. फोन ठेवला आणि तो नंबर पुन्हा उचलायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलं.

मग यात्रा जवळ आली. हाड जुळलं होतं, त्यामुळे वहिनीच्या मते देवाने त्याचं काम केलं होतं आणि आता आपली पाळी होती. नेमकी त्याच वेळी एक गाय आटली, शेळीला हगवण लागली, आणि सगळं नवस न फेडल्यामुळेच होतंय असं वहिनीला वाटू लागलं. इकडे मला घाम फुटला. दाव्यातला लंगडा माणूस पैठणहून कावड घेऊन चालत आला आणि ट्रकच्या विमा कंपनीच्या कुणी फोटो काढला, तर संपलंच. शेवटी मी वहिनीला घेऊन देवळात गेलो आणि गुरवाला कौल लावायला सांगितला.

गुरव म्हणाला, “नाना, नवस लांबवायचा तर देवाला कारन द्यावं लागतं. काय सांगू?”

“सांग, प्रकरण न्यायप्रविष्ट हाय.”

त्याने डोळे मिटून, हात जोडून, तसंच्या तसं सांगितलं. मग देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक कळी लावली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ एकही पडेना. वहिनी रडकुंडीला आली. गुरव हळूच म्हणाला, “वाचतोय वाटतं.” मी उपरण्याने तोंडावर वारा घ्यायला लागलो, आणि तेवढ्यात उजवी कळी पडली. वारा लागला की देवाने दिला, ते मला आजही सांगता येत नाही.

“घ्या,” गुरव म्हणाला, “पुडची तारीख मिळाली. आन् ते बी वकिलाबिगर.”

देवाकडूनच तारीख मिळाल्यावर गावालाही जोर चढला. पुतण्याचा पाय हा सगळ्या गावाने राखायचा माल झाला. विमा कंपनीचा माणूस वेषांतर करून येतो असं कुणीतरी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यामुळे गावात अनोळखी माणूस दिसला की पारावरचे म्हातारे खाकरत, ते ऐकून पुढच्या आळीत कुणी बादली वाजवी, आणि वहिनी पोराला अंगणातून उचलून खाटेवर टाकी. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा आला, बादली वाजली. बोअरचं पाणी बघणारा नारळ हातावर घेऊन आला, बादली वाजली. त्याने आमच्याच अंगणात पाणी आहे असं सांगितलं, तर आम्ही त्याला सांगितलं, की पोराला जागचं हलता येत नाही.

याच काळात मी त्याचं लग्न मोडलं. तेही गावात वेगळंच सांगितलं जातं.

वहिनीने मला न सांगता एक स्थळ बोलावलं होतं. निकाल लागेपर्यंत थांब असं मी म्हणालो असतो, म्हणून सांगितलं नव्हतं. तिने पोराला नवा शर्ट घातला, आणि पाहुणे येतील तेव्हा दारापर्यंत काठीशिवाय चालत जायचं असं शिकवून ठेवलं. मी शेतातून आलो तर ओट्यावर तीन माणसं. एकाच्या हातात कातडी बॅग, पायात बूट. नंतर कळलं, तो मुलीचा मामा होता. बादली कशी वाजली नाही म्हणून मी मनात पारावरच्या म्हाताऱ्यांना शिव्या घातल्या.

त्या मामाने नमस्कार करून विचारलं, “मुलाच्या पायाला जरा लागलंय असं कानावर आलं. आता कसंय?”

मी खाली बसलो आणि सुस्कारा सोडला. “जरा? पाय गेलाच म्हना. नावाला लोंबतोय.”

“पण मधे जे होते, ते तर म्हणाले चालतो म्हणून.”

“कोन म्हनलं? चालतो कसला! उचलून न्यावा लागतो. झोपंत वरडतो. जड काम न्हाई, हलकं न्हाई. ही म्हातारी हाय तवर बघंल, पुडं काय, देवच जानं.”

आतून वहिनी दाराआडून हात हलवत होती. मला वाटलं, तिला भरून आलंय. मी आणखी आवाज चढवला. मुलीकडचा दुसरा माणूस, वयाने मोठा, त्याने हळूच विचारलं, “आणि संसाराचं?”

“कसला संसार घेऊन बसला! सोताची लुंगी नेसता येत न्हाई.”

तेवढ्यात पुतण्या, शिकवल्याप्रमाणे, नव्या शर्टात, काठीशिवाय दारात आला. मी ओरडलो, “अरं, पड की!”

पाहुण्यांनी कांदेपोहेसुद्धा खाल्ले नाहीत. वहिनीने ते तसेच उचलून गाईंपुढे ओतले. बायको मला बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुतण्या शर्ट काढून घडी घालत बसला होता. उजवा पाय खाटेवर सरळ ठेवलेला. म्हणाला, “नाना, कंपनीचा मानूस बूट घालून पोह्याला कशाला बसंल?” आणि हसला. मीही हसलो. त्या वेळी मी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सिव्हिलला तपासणीची तारीख आली. मी वाटेभर त्याची तयारी करून घेतली: डॉक्टर वाकवायला गेले की कुठे ओरडायचं, ओठ कसा चावायचा, घाम आल्यासारखं कपाळ कसं पुसायचं. आत डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवलं, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने पाऊल, आणि वाकवायला लागले. गुडघा थोडासा हलला आणि थांबला. त्यांनी जोर लावला. पुतण्याने ओठ चावला, कपाळावर खरोखर घाम आला. इतकं हुबेहूब मी शिकवलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला. डॉक्टरांनी मोजून काहीतरी लिहिलं, मान हलवली आणि विचारलं, “व्यायाम कुणी करून घेतला नाही का?” मी पुढे होऊन म्हणालो, “गरिबाला कुठला व्यायाम, साहेब.”

बाहेर लिंबाखाली आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! काय सोंग वठवलंस!”

तो काठीवर रेलून उभा होता. “नाना, सोंग न्हाई केलं.”

“मंजी?”

“वाकतच न्हाई तो. लई दिस झालं. मी रोज बघतो हळूच. आई झोपल्याव.”

“मग बोलला न्हाईस?”

“तुमी म्हनला हुता, निकालानंतर.”

शेजारी एक बाई लहान पोराला शेंगदाणे सोलून देत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण पुतण्याकडे बघता येईना. मग मी त्याला त्याच पावली आत नेलं आणि डॉक्टरांना म्हणालो, “साहेब, आता वाकवायला सुरुवात केली तर?” मघाचा गरीब चुलता अचानक असं का विचारतो, हे त्यांना कळेना. ते म्हणाले, “सुरुवात करा. पण आता किती वाकेल सांगता येत नाही.” त्या दिवसापासून मी स्वतः रोज त्याचा गुडघा वाकवू लागलो. तो ओरडायचा, मी वाकवायचो. पारावरचे म्हातारे मला समजवायला आले, “नाना, काय करताय? क्येस बिगडंल!” खुर्चीवर बसण्याइतका गुडघा वाकला. उकिडवं बसण्याइतका, मांडी घालण्याइतका कधीच वाकला नाही. धार काढायला उकिडवं बसावं लागतं. काही दिवस वहिनीने धारा काढल्या, मग तिचीही कंबर धरली आणि गाई विकल्या.

दावा दाखल झाला तेव्हा कागदावर जिल्हा अहमदनगर होता. साक्षीची वेळ आली तोवर अहिल्यानगर झाला. इतकं सगळं बदललं. फक्त पंख्याचा बाक होता तिथेच होता. मी त्यावर बसलो.

कंपनीचे वकील सभ्य माणूस होते. आवाज न चढवता त्यांनी पिंजऱ्यातल्या पुतण्याला विचारलं, “डॉक्टरांनी तुम्हाला व्यायाम सांगितला होता?”

“व्हय.”

“केला?”

“न्हाई.”

“का?”

पुतण्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “दुखायचं म्हनून.”

“कुणी मनाई केली होती?”

“न्हाई. मी सोताच केला न्हाई.”

मी उठून उभा राहिलो असतो तर त्याच क्षणी सगळं सरळ झालं असतं. नेमकं तेव्हाच शिपायाने मोबाईल बंद ठेवा म्हणून माझ्याकडे हात केला. मी खिशातून मोबाईल काढला आणि तो बंद करण्यात गुंतलो. मोबाईल आधीच बंद होता. तरी मी बटणं दाबत राहिलो, पुतण्या पिंजऱ्यातून खाली उतरेपर्यंत.

निकाल आमच्या बाजूने लागला. ट्रकवाल्याची चूक होती असं कोर्टाने मानलं. पण सांगितलेले उपचार जखमीने स्वतःहून घेतले नाहीत, म्हणून भरपाईत कपात केली. वकीलसाहेबांनी ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. ‘स्वतःहून’ हा शब्द आमच्याआधी एसटीने गावात पोचला असावा, कारण आम्ही उतरलो तेव्हा पारावर तीच चर्चा चालू होती. आळशी पोरगं. बिचारे नाना. बादली वाजवणारेच सगळ्यात पुढे होते.

यंदा यात्रेच्या बैठकीत कावड कोणी आणायची हे ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, “ह्या एकाची कावड कोर्टात अडकलीय, त्याला सोडा.” सगळे हसले. पुतण्या मागे खांबाला टेकून, पाय लांब करून बसला होता. तोही हसल्यासारखं करत होता. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, बाईंचा फोन, जैसे थे, साक्ष, मोबाईल. काही गाळलं नाही.

मग गुरव डोळे पुसत म्हणाला, “बगा. याला म्हनत्यात चुलता.”

“काय मन हाय मानसाचं!” दुसरा म्हणाला. “पोराची बदनामी नको म्हनून सगळं सोतावर घेतलं.”

“अरं, खरं सांगतोय मी!” मी ओरडलो.

“बसा, नाना, बसा. आमाला कळतंय.”

जितकं जास्त सांगावं तितका मी थोर होत गेलो. शेवटी त्यांनी मला पुढे ओढून टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. टाळ्या पडल्या. पुतण्यानेही वाजवल्या.

घरी येताना तो पाय बाजूने फिरवत माझ्याबरोबर चालत होता. मी टोपी काढून हातात घेतली.

“कुनीच ऐकलं न्हाई रे.”

“मी ऐकलं की. बास झालं.”

“तुला आळशी म्हनत्यात. ते मला पुसायचंय.”

तो म्हणाला, “लिवून ठेवा मग. तुमी बोलला की लोक टाळ्या वाजिवत्यात. पन नाना, लिवनार असाल तर नुसतं तुमचं लिवू नका. मी शपथ घेऊन खोटं बोललो, ते बी लिवा. आन् आनखी येक.”

“काय?”

“दवाखान्यात त्या बाईनं पयल्यांदा वाकवला तवा माझ्या डोळ्यापुडं अंधारी आली हुती. तुमी घरी येऊन वाकवायचा न्हाई म्हनला, तवा मला बरंच वाटलं हुतं. तुमी न्हाई म्हनला नसता तरी मी केला असता का न्हाई, सांगता येत न्हाई. साक्षीत म्हनलो ते सगळंच खोटं नव्हतं.”

एवढं बोलून तो त्याच्या दारात वळला. हे त्याने खरं सांगितलं, की साक्षीच्या दिवशी वाचवलं तसं मला पुन्हा एकदा वाचवलं, ते मला कळलं नाही. विचारायला दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणून त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वर लिहिलं आहे. माझं म्हणणं त्यामुळे बदलत नाही. वाकवू नकोस असं मी म्हणालो होतो.